स्वतःच्या पटकथेवर निर्माता म्हणून उभं राहायचं तर आधी काय हातात हवं?

(चर्चामंचावरचे प्रश्न आणि उत्तरं; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वनलाइन

ग्रामीण मराठी चित्रपटाची बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे संवादांसह पूर्ण पटकथा, तयार आहे. ११२ पानं, ९६ सीन. मूळ आधार एका दिवंगत लेखकाची कथा. पटकथा आणि संवाद माझे. मुख्य भूमिका नऊ वर्षांच्या मुलीची आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये आहे. सोबत एक म्हैस.

दोन निर्मात्यांनी रस दाखवलाय. पहिला म्हणतो, मानधन कमी घ्या, त्याबदल्यात सहनिर्माता म्हणून नाव आणि निव्वळ नफ्यात १० टक्के. दुसरा थोडी रक्कम देऊन एक वर्ष स्क्रिप्ट राखून ठेवायला सांगतो, किंमत नंतर बसून ठरवू म्हणतो. यापुढे लिहिण्याबरोबर निर्मितीही करायची आहे, त्यामुळे फक्त स्क्रिप्ट विकून मोकळं व्हायचं नाही.

कथेचे हक्क नेमके कसे घ्यावेत, करारात कशावर अडून बसावं, बजेटची सुरुवात कुठून करावी आणि ते १० टक्के प्रत्यक्षात किती होतात, हे जाणकारांनी सांगावं.

करारनामा

दोन्ही प्रस्तावांच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा. ही पटकथा विकण्याचा अधिकार आज तुमच्याकडे आहे का? कथेचे हक्क लेखी घेतले नसतील, तर नाही. पैसे नसलेल्या पटकथाकाराला निर्माता होण्यासाठी भांडवल एकच असतं, ते म्हणजे साफ कागदपत्रांसह हातात असलेले हक्क. ते असतील तर पैसेवाला माणूस तुमच्याबरोबर भागीदार म्हणून बसतो. नसतील तर तुम्ही मानधनावरचे लेखक.

लेखकाच्या निधनानंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. तुमच्या लेखकाचं वर्ष तपासा. हक्क शिल्लक असतील तर या क्रमाने जा:

१. प्रकाशकाबरोबरचा मूळ करार पाहायला मागा. बहुतेकदा प्रकाशकाकडे फक्त पुस्तकाचे हक्क असतात, पण काही जुन्या करारांत ‘सर्व हक्क’ लिहून दिलेले सापडतात.
२. मृत्युपत्र असेल तर त्यात नाव असलेल्या व्यक्तीची सही. नसेल तर सर्व कायदेशीर वारसांची. एकट्या मुलाने आनंदाने दिलेली परवानगी पुरत नाही. चित्रपट पूर्ण होऊन ओटीटीची विक्री ठरते, तेव्हा विचारात न घेतलेल्या बहिणीची नोटीस येते आणि खरेदीदाराचा वकील व्यवहार तिथेच थांबवतो.
३. करारात प्रत्येक हक्काचं नाव लिहा: चित्रपट, वेब सिरीज, डबिंग, दुसऱ्या भाषेत रिमेक, पुढचे भाग. ‘चित्रपटासाठी परवानगी’ एवढ्या शब्दांवर रिमेक विकता येत नाही.
४. मुदत आणि प्रदेश कोरे सोडू नका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ओटीटीला जगभराचे हक्क लागतात. या दोन रिकाम्या जागांमुळे पूर्ण झालेला चित्रपट विकताना अडतो.

त्याच कलमाचं उपकलम ४ नीट समजून घ्या, कारण तुम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना उभे आहात. हक्क घेणाऱ्याने ते एका वर्षात वापरले नाहीत, तर ते संपले असं कायदा मानतो. करारात वेगळं लिहिलं असेल तरच अपवाद. वारसांकडून घेताना तुम्हाला तीन-चार वर्षं हवीत, तेव्हा तसं स्पष्ट लिहून घ्या. उलट निर्मात्यांच्या छापील करारात ‘१९(४) लागू होणार नाही’ असं वाक्य जवळपास ठरलेलं असतं. ते काढायला लावा. काढत नसतील तर त्याजागी लिहा की सहीपासून २४ महिन्यांत मुख्य शूटिंग सुरू झालं नाही, तर घेतलेले पैसे परत न करता हक्क लेखकाकडे परत येतील. या एका वाक्यासाठी भांडा, मानधनातले काही हजार सोडावे लागले तरी चालेल. धूळ खात पडलेल्या कितीतरी चांगल्या पटकथा लेखकाला परत मिळत नाहीत, त्या हे वाक्य नसल्यामुळेच.

दुसऱ्या निर्मात्याचा प्रस्ताव म्हणजे ऑप्शन, ठरावीक मुदतीत स्क्रिप्ट विकत घेण्याचा राखीव हक्क. पण किंमत न ठरवलेलं ऑप्शन म्हणजे नंतर वाटाघाटी करण्याचं वचन, त्यापलीकडे त्याला वजन नाही. पूर्ण किंमत आजच लिहा. रक्कम साधारण त्या किंमतीच्या १० टक्क्यांच्या आसपास मागतात आणि ती पुढे किंमतीतून वळती होते. १२ महिने, मग एकदाच ६ महिन्यांची वाढ. वाढीचे पैसे वेगळे आणि ते वळते करायचे नाहीत. आणखी एक मुद्दा हमखास राहतो. ऑप्शनच्या काळात त्यांनी दुसऱ्या लेखकाकडून नवा ड्राफ्ट करून घेतला आणि मुदत संपली, तर त्या ड्राफ्टचं काय? त्यातली भर तुम्हाला वापरता येईल की नाही, हे आधीच लिहून ठेवा.

रॉयल्टीचा हक्क सोडल्याचं वाक्य दिसलं तर घाबरू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला चित्रपटगृहातलं प्रदर्शन वगळून इतर वापरांच्या रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येतच नाही, सही केली तरी. वाक्य मात्र खोडून घ्या, नाहीतर पुढे वसुलीच्या वेळी त्यावरच वाद घालत बसावं लागतं.

कॉलशीट

वरचा प्रतिसाद हक्कांवर पूर्ण आहे, मी बजेटवर येतो. ‘दोन कोटींत होईल’ असा आकडा आधी धरून खाली उतरू नका. सुरुवात ब्रेकडाउनपासून, म्हणजे कोणत्या सीनला काय काय लागणार याच्या यादीपासून.

सीन नंबर पक्के करा आणि त्यानंतर बदलू नका. मध्ये सीन वाढला तर ४२ नंतर ४२अ, नाहीतर सगळ्या विभागांचे कागद एकमेकांशी जुळणं बंद होतं. प्रत्येक सीनची लांबी पानाच्या आठव्या भागात मोजा: ३/८, १ २/८. मग सीनमागे एक तक्ता: आत की बाहेर, दिवस की रात्र, लोकेशन, पात्रं, ज्युनिअर आर्टिस्ट किती, प्रॉपर्टी, कपड्यांची सलगता, मेकअप, वाहनं, प्राणी, व्हीएफएक्स, प्लेबॅक. ९६ सीनला तीन-चार दिवस लागतात, आणि हे काम लेखकाने स्वतः करावं. सहनिर्माता म्हणून टेबलावर बसायची लायकी या तक्त्यातून येते.

पान म्हणजे मिनिट हा ठोकताळा १२ पॉइंटच्या ठरलेल्या इंग्रजी साच्यावर बेतलेला आहे. देवनागरी संवादांत फॉन्ट आणि ओळींमधली जागा बदलली की तो कोलमडतो. एकदा घड्याळ लावून पूर्ण वाचन करा, कृतीची वर्णनंसुद्धा त्याच वेगाने. ११२ पानांचे १३५ मिनिटं निघाले तर आत्ताच कापा. शूट करून एडिटवर फेकलेला प्रत्येक सीन पैसे देऊन फेकलेला असतो.

तुमच्या स्क्रिप्टमधला सगळ्यात महाग घटक म्हैस नाही, ती मुलगी आहे. बालकामगार कायद्याखालच्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, अभ्यासाची सोय करायची, आणि तिच्या मानधनातले किमान २० टक्के तिच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. हे गणितात बसवा. मोठ्या कलाकारांबरोबर दिवसाला ४ पानं निघतात, म्हणजे ११२ पानांना २८ दिवस. ती मुलगी फक्त ५ तास असेल तर अडीच-तीन पानं निघतील, म्हणजे ३८ ते ४५ दिवस. २७ दिवसांची मर्यादा असल्याने शेड्यूल दोन तुकड्यांत पडतं, म्हणजे युनिटचा प्रवास आणि राहणं दोनदा, आणि मधल्या काळात मुलीचे केस, उंची, पडलेला दात हे सगळं आलंच.

यावर उपाय लेखणीत आहे. ज्या सीनमध्ये ती फक्त हजर आहे, बोलत नाही, ते पाहा. दहा-बारा सीन तिच्याशिवाय घडू शकतात का? तिचे रात्रीचे बाहेरचे सीन संध्याकाळच्या उजेडात किंवा घराच्या आत नेता येतील का? असे दहा सीन बदलले तरी तीन-चार दिवस वाचतात, आणि कथेला धक्का लागेल की नाही हे तुमच्याइतकं कुणाला कळणार.

म्हशीसाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे शूटिंगच्या आधी अर्ज करायचा: कोणता सीन, प्राणी काय करणार, पशुवैद्य कोण. नंतर चित्रपट दाखवून ना-हरकत मिळते. पूर्वपरवानगीशिवाय शूट केलं तर सेन्सॉरच्या वेळी ते पत्र मागतात आणि मागच्या तारखेने ते मिळत नाही, शॉट कापावे लागतात.

लोकेशनची संख्या मोजा. एकाच दिवसात युनिट एका जागेवरून दुसऱ्या जागी हललं की लाइट उतरवणं, गाडीत भरणं, परत लावणं यात दोन-तीन तास जातात, आणि शिफ्टची वेळ ओलांडली की दीड किंवा डबल शिफ्टचा हिशेब लागतो. वाडा, शाळा आणि नदी एकमेकांपासून २० मिनिटांच्या आत मिळतील असं गाव शोधा, दिसायला थोडं डावं असलं तरी. शेतातल्या सीनचे महिने ठरवून घ्या. उभी ज्वारी लिहिली असेल आणि तारखा मे महिन्याच्या मिळाल्या तर कला विभाग काही करू शकत नाही.

बजेटमध्ये तीन गोष्टींना हात लावू देऊ नका. एकूण खर्चाच्या १० टक्के आकस्मिक निधी. पोस्ट प्रॉडक्शनचे पैसे, साधारण पाचवा हिस्सा, पहिल्या दिवशीच वेगळे. आणि प्रसिद्धीचा खर्च निर्मितीच्या बजेटबाहेर, स्वतंत्र. छोटे चित्रपट बहुतेक साउंड मिक्सिंगच्या दारात अडकतात, कारण शूटिंगचे वाढलेले दिवस पोस्टच्या पैशांतून भागवलेले असतात.

हिशेबनीस

थोडक्यात पैशांचं. या एका चित्रपटासाठी वेगळी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा खासगी मर्यादित कंपनी करा आणि तिचं स्वतंत्र बँक खातं ठेवा. दोन चित्रपटांचे पैसे एका खात्यात मिसळले की गुंतवणूकदाराला हिशेब दाखवता येत नाही. पॅनबरोबर टॅन (कर कापून भरणाऱ्याचा क्रमांक) काढा. कलाकार, दिग्दर्शक, छायालेखक, एडिटर, लेखक यांच्या मानधनातून मर्यादेपलीकडे १० टक्के टीडीएस कापावा लागतो आणि तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो. मार्चमधल्या कपातीला ३० एप्रिलपर्यंत वेळ मिळतो. समोरच्याने पॅन दिला नाही तर २० टक्के. शूटिंग चालू असताना हे राहून जातं, मग व्याज लागतं आणि ज्याचे पैसे कापले त्याला क्रेडिट दिसत नाही. प्रत्येक खर्चाचं बिल कंपनीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्या. जनरेटर, कॅमेरा, स्टुडिओ यांवर भरलेला जीएसटी पुढे विक्रीवरच्या जीएसटीतून वळता होतो, पण फक्त बरोबर बिल असेल तर.

वनलाइन

खूप उपयोगी. लेखकाचं निधन १९८० च्या दशकातलं आहे, म्हणजे वारसांकडे जावंच लागेल. मुलीचे सीन पुन्हा पाहतो. पण १० टक्क्यांचं राहिलं. चित्रपटाने दोन कोटींचा धंदा केला तर निर्मात्याकडे नक्की किती येतं?

शुक्रवार

दोन कोटी म्हणजे कोणते, हे आधी विचारा. बातम्यांत येतो तो आकडा बहुतेकदा जीएसटीसकट असतो. जीएसटी वजा करून उरलेले निव्वळ २ कोटी धरू.

हिंदी चित्रपटांच्या निर्माते-वितरकांत आणि मल्टिप्लेक्समध्ये २००९ च्या वादानंतर आठवड्यानुसार वाटा ठरला: पहिला आठवडा ५०, दुसरा ४२.५, तिसरा ३७.५, पुढे ३० टक्के. प्रत्येक चित्रपटाला वेगळी बोलणी होतात, पण अंदाजासाठी हेच घ्या. पहिल्या आठवड्यात १ कोटी ४० लाख, दुसऱ्यात ४० लाख, तिसऱ्यात २० लाख असं समजा. वाटा होतो ७० लाख अधिक १७ लाख अधिक साडेसात लाख, म्हणजे ९४.५ लाख. वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं तर १४.१७ लाख गेले, उरले साधारण ८०.३ लाख. त्यातून प्रसिद्धी आणि डिजिटल प्रिंटचा खर्च. तो ६० लाख असेल तर निर्मात्याच्या हातात २० लाख. निर्मितीचा खर्च अजून वजा झालेलाच नाही. म्हणजे निव्वळ नफा शून्याच्या बराच खाली आणि तुमचे १० टक्केही शून्य.

सॅटेलाइट (टीव्ही), ओटीटी, डबिंगचे पैसे येतात तेव्हा चित्र बदलतं, पण ती विक्री व्हायला माल पूर्ण लागतो. डबिंग हक्क विकायचे तर संवाद वगळून संगीत आणि परिणामांचा वेगळा ट्रॅक हवा. मिक्सिंगच्या वेळीच तो करून घेतला तर थोड्या खर्चात होतो, वर्षभराने मागितला तर सेशन उघडून फोली (पावलं, भांडी यांसारखे स्टुडिओत केलेले आवाज) पुन्हा करावी लागते. याशिवाय अक्षरं नसलेला मास्टर, सबटायटल, संगीताची क्यू शीट (कोणतं संगीत कुठे आणि किती वापरलं याची यादी) आणि हक्कांच्या साखळीची सगळी कागदपत्रं. शूटिंग २४ फ्रेमवर ठेवा. थिएटरच्या डीसीपीचा (थिएटरला दिल्या जाणाऱ्या डिजिटल प्रतीचा) सर्वत्र चालणारा वेग तोच आहे; २५ वर शूट करून शेवटी बदललं तर लांबी आणि आवाजाची पट्टी दोन्ही हलतात.

सेन्सॉरसाठी प्रदर्शनाच्या किमान दोन महिने आधी अर्ज करा. आता यूएचे तीन गट आहेत: ७+, १३+, १६+. कुणी विडी ओढताना दिसत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची आरोग्यपट्टी, २० सेकंदांचा इशारा, आणि तो सीन चालू असताना खाली मजकूर हे सगळं लागतं. ग्रामीण चित्रपटात आजोबांच्या हातात सवयीने विडी दिली जाते. कथेला गरज नसेल तर लिहिताना काढून टाका.

शीर्षकाची नोंद आजच करा. मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळात, सभासद निर्मात्याच्या नावे. पोस्टर छापल्यावर शीर्षक दुसऱ्याकडे निघालं तर प्रसिद्धीचा पहिला हप्ता पाण्यात.

करारनामा

शुक्रवार यांचा हिशेब समोर ठेवून पहिल्या निर्मात्याला असं सांगा. ‘निव्वळ नफा’ हा शब्द आपल्याला नको, कारण त्यात कार्यालयीन खर्च, व्याज, जुन्या चित्रपटाची देणी काहीही घुसतं. त्याऐवजी घटनेला बांधलेली रक्कम मागा: ओटीटी करार झाला की इतके, रिमेक विकला की मिळालेल्या रकमेचा अमुक टक्के, कोणतीही वजावट न करता. कमी केलेलं मानधन ‘माफ’ झालेलं नाही, ‘स्थगित’ आहे असं लिहा, आणि गुंतवणूकदाराची मुद्दल फिटल्यावर पहिल्यांदा तेच फेडायचं. वर्षातून एकदा हिशेब तपासण्याचा हक्क ठेवा.

सहनिर्माता हे नाव पडद्यावर आलं म्हणून मालकी येत नाही. दोन्ही कागदावर वेगळे करा. मालकी हवी असेल तर ‘चित्रपटाच्या कॉपीराइटमध्ये इतके टक्के’ असं स्पष्ट वाक्य लागतं. नुसतं नाव असेल तर कामं लिहून घ्या: कलाकार निवडीत मत, बजेटची प्रत, फायनल कटच्या आधी पाहण्याचा हक्क. आणि निर्माता म्हणून मिळणाऱ्या नावाच्या बदल्यात ‘पटकथा, संवाद’ हे श्रेय सोडू नका. ते मुख्य टायटलमध्ये, स्वतंत्र पाटीवर, पोस्टरवर आणि ओटीटीच्या माहितीपानावरही यायला हवं. ही शेवटची जागा करारात नसते, म्हणून तिथून नाव गळतं.

शेवटचा हप्ता प्रदर्शनाला बांधू नका. ‘शूटिंगचा पहिला दिवस किंवा अंतिम ड्राफ्ट दिल्यापासून ६ महिने, यांपैकी जे आधी येईल ते’ असं लिहा.

वनलाइन

एक शेवटचं. पुढच्या आठवड्यात आणखी एका ठिकाणी नरेशन आहे, म्हणजे पटकथा वाचून ऐकवायची आहे. आधी गोपनीयतेचा करार मागावा का?

करारनामा

मागा, पण बहुतेक जण सही करणार नाहीत आणि त्यावरून भेट मोडू नका. स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये ताज्या ड्राफ्टची नोंद करून जा. नोंद मालकी देत नाही, पण त्या तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता एवढा पुरावा देते. नुसती कल्पना सुरक्षित नसते, मांडणी असते, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. म्हणून एका पानाच्या सारांशाची नोंद करून थांबू नका, सीनवार पूर्ण स्क्रिप्ट नोंदवा. नरेशन तोंडी करा. त्याच दिवशी संध्याकाळी मेल टाका: आज अमुक वाजता अमुक शीर्षकाच्या पटकथेचं नरेशन केलं, उपस्थित कोण होते, नोंदणी क्रमांक हा. स्क्रिप्ट मागितली तर प्रत्येक पानावर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख असलेली पीडीएफ पाठवा, वर्ड फाइल नाही. आणि वारसांच्या सह्या झाल्याशिवाय कुणाकडूनही पैसे स्वीकारू नका, ऑप्शनचेसुद्धा.